थळ घाटातला कोळशाचा हिशेब

१८६५ साली कसारा-इगतपुरी लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबईची आगगाडी थळ घाट चढून नाशिककडे येऊ लागली. चढ ३७ फुटांमागे एक फूट, उंचीतला फरक सुमारे ३०० मीटर. जोर पुरावा म्हणून गाडीला जादा इंजिन लावत.

उष्मागतिकी समजून घ्यायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. ४०० टनांची गाडी एवढी वर न्यायला सुमारे १२० कोटी ज्यूल लागतात. तेवढी उष्णता पन्नासेक किलो चांगल्या कोळशात असते. पण वाफेचे इंजिन शंभरातले सहा-सात भागच कामी लावते. म्हणजे फायरमनला सात-आठशे किलो कोळसा भट्टीत लोटावा लागणार, घर्षणाचा खर्च वेगळाच.

उरलेली उष्णता धूर आणि वापरलेल्या वाफेबरोबर घाटाच्या हवेत जाई. ऊर्जा तेवढीच राहिली, मात्र इतकी पसरली की तिच्याकडून पुन्हा चाक फिरवून घेता येईना. एन्ट्रॉपी वाढते ती अशी. इंजिन कितीही सुधारले तरी उष्णतेचा काही वाटा थंड बाजूला सोडावाच लागतो, हे फ्रान्सच्या सादी कार्नो यांच्या १८२४ मधल्या विवेचनातून पुढे स्पष्ट झाले.

१९३० च्या सुमारास घाटात विजेची इंजिने आली. चढ मात्र तोच आहे. नाशिकच्या शिक्षकांनी मुलांना एकदा तिथे नेऊन हा हिशेब मांडायला लावावा.