शंभर योजने चाला : मधुमेहावरील सर्वांत जुन्या उपायाचा इतिहास

१/ सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाच्या रुग्णासाठी एक विलक्षण आदेश आढळतो. रुग्ण निर्धन असेल तर त्याने वहाणा व छत्री टाकून, भिक्षेवर जगत, एका गावी एकच रात्र मुक्काम करत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. शंभर योजने म्हणजे शेकडो मैल!

२/ प्रमेह म्हणजे सरसकट आजचा मधुमेह नव्हे. वीस प्रमेहांपैकी मधुमेह हा एक. मात्र याच ठिकाणी सुश्रुताने रुग्णांचे दोन वर्ग केले आहेत. सहज, म्हणजे जन्मजात प्रमेहाचा रुग्ण कृश व अल्पाहारी. अपथ्यातून उद्भवलेल्या प्रमेहाचा रुग्ण स्थूल, बहुभक्षी, बसून-झोपून राहणारा. कृशाचे पोषण करावे, स्थूलाचा आहार घटवावा, असे ग्रंथ सांगतो.

३/ हा भेद किती मोलाचा, हे समजण्यासाठी १८७० च्या पॅरिसमध्ये जावे लागते. सप्टेंबरमध्ये प्रशियन सैन्याने शहराला वेढा घातला. जानेवारी १८७१ पर्यंत पॅरिस अन्नासाठी तडफडत होते. त्या काळात अपोलिनेर बुशार्दा यांना दिसले, की त्यांच्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतील साखर घटत चालली आहे.

४/ बुशार्दा रुग्णांना पाव व पिष्टमय पदार्थ कमी करण्यास, अंगमेहनत करण्यास आणि स्वतःची लघवी स्वतः तपासण्यास सांगत. वेढ्यातील अनुभवाने त्यांच्या मताला बळ मिळाले. १८७५ मध्ये त्यांचा मधुमेहावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

५/ न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक ॲलन यांनी हाच विचार टोकाला नेला. लघवीतील साखर जाईपर्यंत उपवास, त्यानंतर तोलून-मापून अत्यल्प अन्न. स्थूल प्रौढांना याचा लाभ होई. पण ज्या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नसे, त्यांना या उपचाराने फक्त थोडी मुदत मिळे. तिची किंमत होती उपासमार.

६/ एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या. १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला. तीन वर्षे ॲलन यांच्या पथ्यावर काढून ऑगस्ट १९२२ मध्ये ती टोरांटोत पोहोचली, तेव्हा पंधराव्या वर्षी तिचे वजन जेमतेम २० किलो होते. तेथे फ्रेडरिक बँटिंग यांनी तिला इन्सुलिन दिले. ती १९८१ पर्यंत जगली.

७/ १९३६ मध्ये लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी इन्सुलिनला सहज प्रतिसाद देणारे रुग्ण व न देणारे रुग्ण असा भेद प्रयोगाने दाखवला. आजच्या टाइप १ आणि टाइप २ या विभागणीची ही पूर्वपीठिका. आहार आणि श्रम हा इन्सुलिनला पर्याय कोणासाठी ठरूच शकत नाही, हे आता स्पष्ट होऊ लागले.

८/ मग टाइप २ टाळता येतो का? चीनच्या दाचिंग शहरात १९८६ मध्ये, साखर वाढलेल्या पण अद्याप मधुमेह न झालेल्या ५७७ जणांवर अभ्यास सुरू झाला. सहा वर्षांत नेहमीच्या गटातील सुमारे ६८ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार, व्यायाम किंवा दोन्ही पाळणाऱ्या गटांत हे प्रमाण ४१ ते ४६ टक्के राहिले.

९/ २००२ मध्ये अमेरिकेतील ३,२३४ जणांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम, या उद्दिष्टांनी मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या औषधाने ३१ टक्क्यांनी.

१०/ भारतीय शरीराचा प्रश्न थोडा निराळा होता. २००४ मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! सडपातळ दिसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे.

११/ २००६ मध्ये चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या अभ्यासाने दाखवले, की जीवनशैलीतील बदलाने भारतीयांतही मधुमेहाचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटते, तेही वजनात फारशी घट न होता.

१२/ २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील डायरेक्ट चाचणीत वैद्यकीय देखरेखीखाली काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला गेला. वर्षअखेर ४६ टक्के रुग्णांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली होती. इन्सुलिन घेणाऱ्यांना मात्र या चाचणीत प्रवेशच नव्हता. एलिझाबेथच्या पिढीने शिकवलेला धडा वैद्यक विसरले नव्हते.

१३/ शेवटी अमेरिकी अभ्यासातील एक तपशील. ‘कमी खा, चालत जा’ हा उपदेश तुलनेच्या गटालाही मिळाला होता. फरक एवढाच, की दुसऱ्या गटातील प्रत्येकाला स्वतंत्र मार्गदर्शक होता आणि पहिल्या २४ आठवड्यांत १६ पाठ समोरासमोर बसून शिकवले गेले. उपदेश दोघांनाही होता. सोबत एकालाच होती. म्हणून रुग्णाला आळशी ठरवण्यापूर्वी त्याच्यासोबत कोण चालले, हे विचारले पाहिजे.