२००८ चे आइसलँडमधील बँकिंग संकट

ऑक्टोबर २००८ मध्ये ग्लिटनिर, लांड्सबांकी आणि कौपथिंग या आइसलँडच्या तीन सर्वांत मोठ्या बँका एकाच आठवड्यात कोसळल्या. या घटनेस आइसलँडमधील बँकिंग संकट असे म्हणतात. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३ लाख २० हजार होती. या बँकांची एकत्रित मालमत्ता मात्र देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जवळजवळ दहापट झाली होती. बँकेची मालमत्ता म्हणजे मुख्यतः तिने इतरांना दिलेली कर्जे. हे प्रमाण ध्यानात घेतल्याशिवाय पुढील घटनांचा उलगडा होत नाही.

पार्श्वभूमी

लांड्सबांकी आणि बुनादरबांकी या सरकारी बँकांचे खासगीकरण २००३ पर्यंत पूर्ण झाले. त्यांपैकी दुसरी कौपथिंगमध्ये विलीन झाली. आइसलँड १९९४ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राचा सदस्य असल्याने तेथील बँकांना इतर सदस्य देशांत शाखा उघडण्याची मुभा होती. परदेशी रोखेबाजारातून स्वस्तात पैसा उभारून त्यांनी परदेशांत कर्जे दिली. २००६ मध्ये असा पैसा मिळणे अवघड होऊ लागले, तेव्हा लांड्सबांकीने ब्रिटनमध्ये व पुढे २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘आइससेव्ह’ ही इंटरनेटवरील ठेव योजना सुरू केली.

शाखा आणि उपकंपनी

वरवर तांत्रिक वाटणारा हा भेद या प्रकरणाचा गाभा आहे. आइससेव्हचा कारभार शाखांमार्फत चालत असल्याने तिच्या ठेवींचे किमान संरक्षण आइसलँडच्या ठेव विमा निधीकडे होते. कौपथिंगचा ब्रिटनमधील ठेवींचा व्यवसाय तेथे नोंदणी झालेल्या उपकंपनीकडे होता, म्हणून त्या ठेवींना ब्रिटिश संरक्षण लागू झाले. आइसलँडची मध्यवर्ती बँक क्रोना हे स्वतःचे चलन छापू शकत होती. बँकांची देणी मात्र बव्हंशी युरो, पौंड व डॉलरमध्ये होती. संकटसमयी अखेरचा आधार म्हणून उभे राहण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते, ते यामुळेच.

कोसळण्याचा घटनाक्रम

सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर बँकांमधील परस्पर कर्जव्यवहार गोठला. ६ ऑक्टोबर रोजी आइसलँडच्या संसदेने तातडीचा कायदा संमत केला. त्यानुसार ठेवीदारांना इतर धनकोंपेक्षा अग्रक्रम मिळाला. ९ ऑक्टोबरपर्यंत तिन्ही बँका नियामकाच्या ताब्यात गेल्या. ८ ऑक्टोबर रोजी ब्रिटनने लांड्सबांकीची मालमत्ता गोठवली. त्यासाठी वापरलेल्या २००१ च्या कायद्याच्या नावातच ‘दहशतवादविरोधी’ हा शब्द असल्याने आइसलँडमध्ये मोठा संताप उसळला.

परिणाम

क्रोनाचे मूल्य युरोच्या तुलनेत निम्म्याजवळ आले. आयातीवर विसंबलेल्या या बेटावर महागाई भडकली आणि बेरोजगारी कित्येक पटींनी वाढली. ज्या कुटुंबांनी घरासाठी वा मोटारीसाठी परकीय चलनाशी जोडलेली कर्जे घेतली होती, त्यांचे हप्ते आवाक्याबाहेर गेले. अशी जोडणी बेकायदा असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. जानेवारी २००९ मधील निदर्शनांनंतर पंतप्रधान गेर हार्डे यांचे सरकार पडले.

आइससेव्ह वाद

ब्रिटन व नेदरलँड्स यांनी आपापल्या ठेवीदारांचे पैसे चुकते करून आइसलँडकडे भरपाई मागितली. त्यासंबंधीचे करार मतदारांनी २०१० व २०११ मध्ये सार्वमतात फेटाळले. खासगी बँकेचा तोटा करदात्यांनी का सोसावा, हा त्यांचा प्रश्न होता. आइसलँडच्याच ठेव निधीची हमी होती याकडे समोरचा पक्ष बोट दाखवी. जानेवारी २०१३ मध्ये ईएफटीए न्यायालयाने आइसलँडच्या बाजूने निकाल दिला. पुढे लांड्सबांकीच्या मालमत्तेच्या विक्री-वसुलीतूनच २०१६ पर्यंत हे दावे चुकते झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये घातलेली भांडवल नियंत्रणे मात्र बव्हंशी उठण्यास मार्च २०१७ उजाडला.