बिनतारी गुपिताचा इतिहास

मीरा रोड पूर्वेच्या बेव्हर्ली पार्कांत आम्ही राहतों. गेल्या पावसाळ्यांत आमचा लिनक्सवर चालणारा लॅपटॉप दर घटकेस वायफाय सोडूं लागला. दुरुस्तीच्या दुकानांत निदान झालें : कार्ड मेलें, नवें घाला. दुकानदारास आम्ही दोष देत नाहीं. ज्या वस्तूच्या पोटांत डोकावतां येत नाहीं ती बिघडली कीं बदलावी, हा जगाचाच शिरस्ता झाला आहे. तो पडला कसा, हें मात्र पाहण्याजोगें आहे.

संगणकाचा मुख्य कारभारी तो कर्नल. कार्डाशीं त्याचें बोलणें करून देणारा दुभाषी तो ड्रायव्हर. आणि खुद्द कार्डाच्या आंत चालणारी आज्ञावली तें फर्मवेअर. दुभाष्यानें कार्डाची भाषा शिकावी, तर तिचें व्याकरण निर्मात्यानें प्रसिद्ध केलें पाहिजे. तेथेंच घोडें पेंड खातें. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एम्. आय्. टी. मध्यें रिचर्ड स्टॉलमन यांस झेरॉक्सच्या छपाईयंत्राच्या आज्ञावलीचें मूळ लेखन मिळेना. १९८३ सालीं त्यांनीं जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पामागें हा अनुभव होता. पुढें १९९१ सालीं लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्स कर्नल प्रसिद्ध केला.

आपल्या देशांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ सालीं परवान्यावांचून वापरण्यास खुला झाला. लहरी मोकळ्या झाल्या, पण कित्येक कार्डें लिनक्सपुरतीं मुकींच होतीं. ब्रॉडकॉमच्या अनेक कार्डांना लिनक्सचा ड्रायव्हर नव्हता, माहितीपत्रेंहि उपलब्ध नव्हतीं. तेव्हां स्वयंसेवकांनीं आपले दोन गट पाडले. एकानें कंपनीचा बंद ड्रायव्हर उलगडून कार्डाच्या वर्तनाचें वर्णन लिहिलें; दुसऱ्यानें मूळाकडे न पाहतां केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. २००६ सालीं तो कर्नलांत दाखल झाला. सप्टेंबर २०१० मध्यें कंपनीनें स्वतःच आपल्या नव्या कार्डांच्या ड्रायव्हराचें लेखन खुलें केलें. फर्मवेअर मात्र बंदच राहिलें. गुपित संपलें नाहीं, तें एक मजला खालीं उतरलें.

आमचें कार्ड या कुळांतलें नव्हे. पण रोगाची जात तीच. डीमेसेज ही आज्ञा देऊन आम्हीं कर्नलाचा रोजनामा उघडला. त्यांत स्पष्ट नोंद होती : फर्मवेअर कोसळलें, ड्रायव्हरानें कार्ड पुन्हां उठविलें. वीजबचत बंद करून पाहिली. गुण आला नाहीं. मग यंत्र सुरू होतांना यादींतून मागील कर्नल निवडला. दोन दिवस जोडणी एकदांहि तुटली नाहीं. म्हणजे कार्ड धडधाकट होतें. दुखणें नव्या आवृत्तीबरोबर आलें होतें. चोर सोडून संन्याशास फांशीं देण्याचा प्रसंग थोडक्यांत टळला.

रोजनाम्यांतील तो उतारा ड्रायव्हराच्या पालनकर्त्यांकडे धाडून, दुरुस्त आवृत्ति येईतों आम्हीं जुन्या कर्नलावरच काम चालविलें. धाडण्यापूर्वीं तो एकवार वाचला. ड्रायव्हराचा भाग होता तोंवर प्रत्येक ओळीचें मूळ शोधतां येत होतें, कोणी केव्हां लिहिली हेंहि कळत होतें. फर्मवेअरच्या उंबरठ्यापाशीं मात्र नुसते आंकडे उरले. त्यांचा अर्थ निर्मात्यास ठाऊक. पैसे मोजून कार्ड घेणाऱ्यास नाहीं.