राणीची बाग, भायखळा : उघड्यावरील शिल्पे

मुंबईतील भायखळ्याचे सार्वजनिक उद्यान व प्राणिसंग्रहालय. अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पूर्वीचे व्हिक्टोरिया गार्डन्स. क्षेत्र आरंभी 33 एकर, आता सुमारे 50. स्थापना 1862, 1873 पासून महापालिकेकडे. आवारातील वस्तुसंग्रहालय 1872 मध्ये खुले झाले व 1975 पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. एका गणनेनुसार येथे 286 जातींची 3,213 झाडे आहेत. गोरखचिंच, कैलासपती आणि दुर्मीळ उर्वशी ही त्यांतली लक्षणीय. बागेची ओळख बहुधा प्राण्यांवरून दिली जाते. मात्र गर्द झाडीत उघड्यावर उभी असलेली येथील शिल्पे मुंबईच्या इतिहासाचा पुरावा म्हणून पिंजऱ्यांपेक्षा अधिक मोलाची आहेत.

त्यांतील सर्वांत जुना घारापुरीचा दगडी हत्ती. बेटाच्या दक्षिणेकडील धक्क्याजवळ तो उभा होता आणि त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. अठराव्या शतकातील प्रवाशांनी त्याच्या पाठीवर आणखी एक लहान प्राणी पाहिला होता; तो पिल्लू की वाघ, यावर त्यांचे एकमत नव्हते. 1814 मध्ये हत्तीचे डोके व मान गळून पडली. 1864 मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारीची साखळी तुटली आणि त्याचे तुकडे झाले. हे तुकडे बागेत आणले गेले. कॅडेल आणि ह्यूएट यांनी 1914 मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. जवळून पाहिल्यास अंगावरचे सांधे दिसतात. मूर्तीचा भंग आणि तिची डागडुजी, दोन्ही एकाच दगडावर वाचता यावीत असे नमुने थोडे.

बाकीचे पुतळे मुख्यतः 1965 मध्ये फोर्ट परिसरातून हलवलेले. जोसेफ एडगर बोम यांनी घडवलेला, युवराज असतानाच्या सातव्या एडवर्डचा अश्वारूढ ब्राँझ पुतळा (1879, अल्बर्ट ससून यांची देणगी) हाच मूळ ‘काळा घोडा’. घोडा भायखळ्याला आला, नाव मात्र फोर्टमधल्या मूळ जागीच राहिले; 2017 मध्ये तेथे स्वाराविना नवा घोडा बसवला गेला. मॅथ्यू नोबल यांचा राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा (1872) बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिलेला. 1896 मध्ये दामोदर चाफेकरांनी त्याला डांबर फासले. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या पुतळ्याची कथा नेमकी उलटी: जुन्या बॉम्बे ग्रीनवर तो होता तेव्हा लोक त्याला देव समजून हार घालीत. पुतळे उभारले गेले ते सत्तेचा दरारा बसावा म्हणून. लोकांनी एकाला डांबर फासले, एकाला फुले वाहिली आणि तिसऱ्याच्या घोड्यावरून वस्तीला नाव दिले. हा इतिहास चौथऱ्यावरच्या लेखात सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ही शिल्पवाटिका नव्हेच, नकोशा पुतळ्यांची अडगळ आहे. तुलनेसाठी पाहा: म्हैसूरच्या चामुंडी टेकडीवरील नंदी दोड्ड देवराज वोडेयर यांच्या काळात (1659–1673) जागच्याच एका खडकातून कोरला गेला. टेकडीवरच्या रानाशी त्याचे नाते घडणीतलेच आहे. भायखळ्यात असे नाते नाही, हे मान्य. तरी हत्ती पुतळ्यांच्या अर्धशतक आधीच येथे मुद्दाम जुळवला गेला होता, तेव्हा निव्वळ अडगळ हा शब्द त्याला लागू पडत नाही. पुतळ्यांचे महत्त्व तर त्यांच्या स्थलांतरातच आहे. पुतळे वस्तुसंग्रहालयाच्या आवारात आहेत आणि ते आवार वेगळे, म्हणून ते बागेचे नव्हेत, हा दुसरा आक्षेप तांत्रिक आहे. बागेची स्थापना आणि संग्रहालयाच्या इमारतीची पायाभरणी, दोन्ही 1862 चीच. तिसरा आक्षेप वजनदार: परक्या सत्तेची स्मारके जपावीत कशाला? पण व्हिक्टोरियाच्या पुतळ्यावरची भव्य छत्री आता नाही आणि बागेला जिजाबाईंचे नाव आहे. या स्थितीत राणीचा पुतळा गौरवापेक्षा साक्षीचेच काम अधिक करतो. तो वितळवला वा फोडला असता, तर चाफेकरांच्या कृत्याची खूणही पुसली गेली असती. जागोजाग सविस्तर माहितीफलक लावल्यास हा आक्षेप आणखी सौम्य होईल.

2016 मध्ये सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले व 2017 मध्ये प्रवेशशुल्क प्रौढांसाठी 5 रुपयांवरून 50 रुपये झाले. सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक भायखळा (मध्य रेल्वे).