दंश, दाह आणि औषध : विनयपिटकातील एक उपेक्षित विषय

पालि साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष बहुधा प्रतीत्यसमुत्पाद, अनात्मता, निर्वाण यांसारख्या गहन विषयांवर केंद्रित झालेले असते. ते स्वाभाविकही आहे. तथापि ज्या भिक्खूंनी हा धम्म गावोगाव पोहोचविला, ते वृक्षाखाली, गिरिगुहेत आणि गवताच्या कुटीत राहणारे देहधारी मानव होते, याचा विसर पडून चालणार नाही. त्यांना डास चावत, गोमाशा डसत, अंगाला खाज सुटे आणि प्रसंगी सर्पदंशही होई. या क्षुल्लक वाटणाऱ्या पीडांकडे तथागतांनी कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार केला असता बौद्ध जीवनदृष्टीचे एक महत्त्वाचे अंग प्रकाशात येते.

मज्झिमनिकायातील सब्बासव सुत्तात आस्रव दूर करण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. त्यांपैकी तीन मार्गांत दंशाचा संबंध येतो. चीवर कशासाठी वापरावे, तर थंडी व उन्हाबरोबरच गोमाशी, डास आणि सरपटणारे प्राणी यांच्या स्पर्शापासून रक्षण व्हावे म्हणून. हा विवेकपूर्ण उपयोगाचा मार्ग होय. पुढे सहनशीलतेच्या मार्गात हेच डास आणि गोमाश्या पुन्हा येतात आणि त्यांचा उपद्रव धैर्याने सोसावा असे सांगितले जाते. आणि टाळण्याच्या मार्गात सापासारख्या घातक प्राण्यांपासून दूर राहण्याचा उपदेश आहे. म्हणजे जे टाळता येते ते टाळावे, ज्यापासून रक्षण शक्य आहे त्यापासून रक्षण करावे आणि उरेल ते शांतपणे सोसावे. देहदंडनाला पुण्य मानणाऱ्या तत्कालीन तपस्वी परंपरांच्या पार्श्वभूमीवर ही भूमिका किती वेगळी होती, हे सहज लक्षात येईल. सहन करणे हा येथे सद्गुण आहे. परंतु उपाय उपलब्ध असता मुद्दाम दुःख ओढवून घेणे हा सद्गुण नाही.

विनयपिटकाने ही दृष्टी व्यवहारात उतरविली. चुल्लवग्गातील खुद्दकवत्थुक्खन्धकात डासांनी त्रस्त झालेल्या भिक्खूंसाठी ‘मकसकुटिका’, म्हणजे मच्छरदाणीसारखे आच्छादन, वापरण्यास अनुमती दिलेली आढळते. डास वारण्यासाठी ‘मकसबीजनी’ नावाच्या पंख्यालाही संमती मिळाली. चमरी गाईच्या केसांची चवरी मात्र नाकारण्यात आली आणि साल, वाळा व मोरपीस यांच्या पंख्यांना मान्यता देण्यात आली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जाणूनबुजून प्राण्याचा जीव घेणे हा भिक्खूसाठी पाचित्तिय अपराध आहे. त्यामुळे डासाला मारण्याऐवजी त्याला दूर ठेवणे, हाच संघाचा मार्ग ठरला.

डास मारण्याच्या अविचारी आवेशावर मकस जातकाने मार्मिक टीका केली आहे. पित्याच्या मस्तकावर बसलेला डास मारण्यासाठी मूर्ख पुत्र कुऱ्हाड चालवतो. डास राहतो बाजूला आणि पित्याचाच अंत होतो. रोहिणी जातकात हीच गोष्ट माशी आणि मुसळ यांच्या रूपाने येते. उपाय मूळ पीडेपेक्षा घातक ठरू नये, हा या कथांचा बोध आजही तितकाच उपयुक्त आहे.

औषधांचा मुख्य विचार महावग्गातील भेसज्जक्खन्धकात आहे. आनंदांचे उपाध्याय स्थविर बेलट्ठसीस यांना त्वचेचा तीव्र विकार जडला होता. पुळ्यांतील स्रावामुळे चीवर अंगाला चिकटे आणि भिक्खू पाण्याने ते भिजवून हळूहळू सोडवीत. विहारातील निवासस्थाने पाहत फिरत असता तथागतांच्या दृष्टीस हे पडले. त्यांनी चौकशी केली आणि खाज, पुळ्या, स्राव यांनी पीडित असलेल्यांसाठी औषधी चूर्णांची अनुमती दिली. चूर्ण तयार करण्यासाठी उखळ-मुसळ आणि ते चाळण्यासाठी चाळणीही मान्य केली. निरोगी भिक्खूंना अंग स्वच्छ करण्यासाठी शेण, माती आणि रंगाचा काढा पुरेसा मानला गेला. खाजेच्या जागी नेसावयाच्या ‘कण्डुपटिच्छादि’ या स्वतंत्र वस्त्राचाही नियम झाला.

याच खन्धकात हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा, नागरमोथा ही मुळे, तसेच कडुनिंब, कुडा, पडवळ, तुळस यांची पाने औषध म्हणून नोंदविली आहेत. कारण पडल्यास वापरता यावीत म्हणून ती आयुष्यभर बाळगण्यास परवानगी होती. ही यादी दंशावरील उपचार म्हणून दिलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही महाराष्ट्राच्या खेड्यांतील कोणतीही आजीबाई हळद, कडुनिंब व तुळस या नावांना आपली म्हणून ओळखील. घरगुती औषधाची ही परंपरा अडीच हजार वर्षांच्या आसपास मागे जाते आणि तिचा एक प्राचीन लिखित पुरावा विनयपिटकात आहे.

सर्पदंशावर मात्र विनयाने विष्ठा, मूत्र, राख आणि माती ही चार ‘महाविकट’ द्रव्ये सुचविली. तत्कालीन वैद्यकाची ती मर्यादा होती. आज कोणी त्यांचे अनुकरण करू नये. शेण वा माती जखमेवर लावल्याने धनुर्वाताचा धोका असतो. सातव्या शतकात नालंदा येथे दीर्घकाळ अध्ययन केलेला चिनी भिक्खू इत्सिंग यानेही मलमूत्राचा औषध म्हणून उपयोग करण्याच्या रूढीवर कठोर टीका केली. परंपरेचा आदर करणाऱ्यालाही तिची तपासणी करता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

आता अधिक महत्त्वाचा प्रश्न. साप चावून एक भिक्खू मृत्यू पावला, तेव्हा तथागतांनी सर्पकुलांप्रति मैत्रीभावना करण्यास सांगितले. तेच खन्धपरित्त होय. त्यात विंचू, गोम आणि कोळी यांचाही उल्लेख येतो. यावरून परित्त हा उपचाराला पर्याय आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्याच विनयपिटकात सर्पदंशावर औषध सांगितले आहे. शिवाय दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात सर्पविद्या, विषविद्या आणि विंचूविद्या यांवर उपजीविका करणे हीन ठरविले आहे. वैद्यकीवर पोट भरणेही तेथे भिक्खूला निषिद्ध आहे, हे खरे. परंतु रुग्ण सहकाऱ्याची शुश्रूषा हे मात्र त्याचे कर्तव्य मानले आहे. निषेध उपचाराचा नसून भोळ्या जनांच्या भीतीवर जगण्याचा आहे.

रुग्णाच्या औषधाची काळजी संघापुरती मर्यादित राहिली नाही. नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील लेण्यात आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकीर्दीच्या ९ व्या वर्षाचा शिलालेख आहे. शक कुळातील उपासिका विष्णुदत्ता हिने तेथील भिक्खुसंघातील रुग्णांच्या औषधासाठी गोवर्धन येथील श्रेण्यांकडे कायमची ठेव ठेवल्याचे त्यात नमूद आहे. जलयंत्रे चालविणाऱ्यांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दिले होते; तेल्यांची श्रेणीही त्यात होती. औषधाला मंत्राचा नव्हे, तर नियमित निधीचा आधार हवा, ही जाणीव तिसऱ्या शतकातील एका स्त्रीला होती.

हा वारसा आपल्या काळाशी जोडलेला आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी अनेक बळी जात आणि गावकरी मांत्रिकाकडे धाव घेत. महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून हे मृत्यू टाळता येतात हे दाखविले. त्यांचे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला. विंचूविद्येवरील उपजीविकेचा सुत्तातील निषेध आणि हा कायदा यांच्यातील नाते वेगळे सांगावयास नको.

तेव्हा घरगुती उपायांविषयी विवेक कोणता? डास, मुंगी वा पिसू चावल्यास ती जागा साबण व पाण्याने धुवावी, थंड पाण्याची घडी ठेवावी, खाजवू नये. मधमाशीचा काटा विनाविलंब काढावा. हळद वा कडुनिंबाचा पाला लावून कोणास बरे वाटत असेल, तर जखम उघडी नसताना त्यास हरकत नाही. पण अनुभव आणि सिद्ध परिणाम यांत अंतर आहे, हे विसरू नये. चेहरा सुजणे, श्वास लागणे, घेरी येणे ही लक्षणे दिसताच, तसेच साप वा विंचू चावल्यास, क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. प्रतिसर्पविष आणि योग्य औषध तेथेच मिळते.

विहाराची पाहणी करताना तथागत एका रुग्णाच्या अंगाला चिकटलेल्या चीवरापाशी थांबले. त्यांनी कारण विचारले आणि त्या वेळी जे उत्तम ठाऊक होते ते औषध मान्य केले. दुःख पाहणे, त्याचे कारण शोधणे आणि त्यावर उपाय करणे हा आर्यसत्यांचा क्रम या लहानशा प्रसंगातही दिसतो. आपल्या घरात कोणी दंशाने कळवळत असेल, तर आपणही याच क्रमाने वागावे. मैत्रीचे शब्द अवश्य उच्चारावेत, परंतु उपचाराला विलंब होऊ देऊ नये.