ओसीटी चित्रण, दृष्टिपटलाचे

डोळ्यामागील पडद्याचा, म्हणजे दृष्टिपटलाचा, न कापता मिळवलेला उभा छेद. पूर्ण नाव ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी. कल्पना सोनोग्राफीचीच, पण ध्वनीऐवजी प्रकाश वापरलेली. प्रकाशाच्या वेगामुळे त्याचा ‘प्रतिध्वनी’ घड्याळाने मोजता येत नाही. म्हणून अवरक्त किरणाचे दोन भाग करून एक डोळ्यात, दुसरा आरशावर सोडतात आणि परतलेले किरण एकमेकांत मिसळून जो परिणाम होतो त्यावरून, म्हणजे व्यतिकरणावरून, खोली काढतात. डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोटो व सहकाऱ्यांनी हे तंत्र १९९१ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले, २०२३ मध्ये या तिघांना लास्कर पुरस्कार मिळाला.

हनुवटी टेकवून रुग्णाने समोरच्या खुणेकडे पाहायचे. काही सेकंदांत काम होते. इंजेक्शन नाही, स्पर्शही नाही. निरोगी चित्रात एकावर एक थर दिसतात आणि मध्यभागी, पीतबिंदूपाशी, बशीसारखा खळगा. मधुमेहात तिथे पाणी साचले की थरांमध्ये काळे फुगे दिसतात, खळगा भरून येतो. त्यावर उपचार म्हणून डोळ्यात इंजेक्शने सुरू असल्यास पुढचे कधी द्यायचे, हे बहुधा हे फुगे पाहूनच ठरते. काचबिंदूत चेतातंतूंचा थर झिजतो. तिथे एका चित्रापेक्षा वर्षानुवर्षांची मालिका अधिक बोलते, त्यामुळे जुने कागद जपून ठेवावेत. मात्र थर जाड की पातळ, हे यंत्र साठवलेल्या नमुन्यांशी ताडून सांगते. जास्त मायनस नंबरच्या निरोगी डोळ्यालाही ते धोक्याचा लाल रंग देऊ शकते. दाट मोतीबिंदूतून प्रकाशच पोहोचत नाही, तेव्हा सोनोग्राफीकडे परतावे लागते.