सीसीटीव्ही असूनही घरफोडी झाली तर? कॅमेरा, ११२, एफआयआर आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल सविस्तर माहिती

मी मध्य रेल्वेच्या कर्जत लाइनवर राहतो. आम्ही अजून 'गाव' म्हणतो, पण ते सवयीने. सकाळच्या लोकलने अर्धी बिल्डिंग मुंबईकडे निघून जाते आणि दुपारी जिन्यात चिटपाखरू नसतं. सोसायटीत २८ फ्लॅट, एक वॉचमन, सहा कॅमेरे आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. गणपतीत आम्ही सात दिवस सावंतवाडीकडे गेलो होतो. रविवारी परत आलो तर दाराचा कडीकोयंडा उचकटलेला, दार नुसतं ओढून घेतलेलं. समोरचं कुटुंबही कोकणात गेलेलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या दोन पाटल्या, थोडी रोकड आणि बाबांचा जुना फोन गेला.

सहा कॅमेरे आहेत म्हणजे चोर सापडणारच, असं मला वाटलं होतं. पुढे जे झालं त्यातून या विषयावर मला बरंच वाचावं आणि विचारावं लागलं. ते सगळं इथे एकत्र देतोय.

फुटेज किती दिवस टिकतं? आधी हे गणित करा

डीव्हीआरची हार्ड डिस्क भरली की तो सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्यावर नवीन लिहितो. त्यामुळे आपल्याकडे मागच्या किती दिवसांचं चित्रण आहे, हे डिस्कचा आकार आणि कॅमेऱ्यांचा बिटरेट यावर ठरतं.

१०८० पिक्सेलचा कॅमेरा साधारण २ मेगाबिट प्रति सेकंद या वेगाने रेकॉर्ड करतोय असं धरा. म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे २१.६ जीबी. आमचे सहा कॅमेरे, म्हणजे दिवसाला जवळपास १३० जीबी. आणि आमच्या डीव्हीआरमध्ये डिस्क होती ५०० जीबीची! चार दिवससुद्धा पूर्ण नाहीत. आम्ही बाहेर होतो सात दिवस.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना मंगळवारी रात्री ठोकाठोकीचा आवाज आला होता. त्यांना वाटलं मंडपाचं काम चालू आहे. रविवारी रात्री आम्ही डीव्हीआर उघडला तेव्हा मंगळवार पुसला गेलेला होता.

उपाय महाग नाहीत. सेटिंगमध्ये एच.२६५ कॉम्प्रेशन असेल तर ते निवडा, एच.२६४ च्या तुलनेत साधारण निम्म्या जागेत काम भागतं. जिन्यातल्या आणि गच्चीच्या कॅमेऱ्यांना फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायला सांगा. गेटचा कॅमेरा मात्र चोवीस तास चालू ठेवा, कारण हालचाल ओळखण्यात स्वस्त कॅमेरे चुकतात. घरात मेमरी कार्डवाला वाय-फाय कॅमेरा असेल तर त्याचंही हेच गणित आहे. २ मेगाबिटने सतत रेकॉर्डिंग केलं तर ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत भरतं.

घड्याळ

आमच्या डीव्हीआरचं घड्याळ १ तास १२ मिनिटं मागे होतं. ही गोष्ट किरकोळ वाटते, पण तपासात पोलीस नुसतं तुमचं फुटेज बघत नाहीत. नाक्यावरच्या मेडिकलचं, पेट्रोल पंपाचं, स्टेशनचं फुटेज त्याला जोडून माणूस कुठून आला आणि कुठे गेला ते लावतात. वेळच जुळत नसेल तर हे काम दुप्पट होतं. डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला असेल तर एनटीपी हा पर्याय चालू करा आणि टाइम झोन ५:३० करा. नसेल तर महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून हाताने वेळ लावा. वीज गेल्यावर तारीख थेट २००० सालात जात असेल, तर आतला छोटा बटन सेल संपलाय.

कॅमेरा कुठे लावायचा

बहुतेक सोसायट्यांत कॅमेरा छताला, १०-१२ फुटांवर असतो. तिथून टोपीचा वरचा भाग फार छान दिसतो, चेहरा नाही. किमान एक कॅमेरा गेटपाशी सात-आठ फुटांवर, येणाऱ्याच्या चेहऱ्यासमोर हवा. रात्री कॅमेरे इन्फ्रारेड दिव्यांवर चालतात. समोर पांढरी भिंत किंवा ग्रिल असेल तर तो प्रकाश परावर्तित होऊन चित्र धुरकट होतं. गाड्यांच्या नंबर प्लेट चकाकणाऱ्या असतात, म्हणून रात्री त्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्या दिसतात. गेटवर एक साधा एलईडी बल्ब रात्रभर चालू ठेवला तरी खूप फरक पडतो.

आणि मीटर पॅनल. आमचा जिन्याखाली, उघडा. कोणीही मेन स्विच खाली केला की सहाच्या सहा कॅमेरे बंद. आता पॅनलला कुलूप आहे आणि डीव्हीआरला छोटा यूपीएस. घरच्या वाय-फाय कॅमेऱ्यासाठी राउटरचा मिनी यूपीएस मिळतो, तो घ्या. पावसाळ्यात वीज जाते तेव्हाही तो कामाला येतो.

पासवर्डचा विषय इथेच संपवतो. कंपनीने दिलेला पासवर्ड बदलला नाही तर कॅमेरा तुमच्याइतकाच दुसऱ्याचाही असतो. २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर अशाच न बदललेल्या पासवर्डमधून ताब्यात घेतले होते. आपल्या कॅमेऱ्यात शेजाऱ्यांच्या घराचा आतला भाग दिसत नाही ना, हेही बघा. त्यावरून होणारी भांडणं चोरीपेक्षा जास्त दिवस चालतात.

दार

टेक साइटवर कडी-कोयंड्याबद्दल काय लिहायचं, असं वाटेल. पण कॅमेरा चोराला बघतो, अडवतं ते दार. पेपरातल्या बातम्या आठवा, 'कडीकोयंडा तोडून' हे शब्द ठरलेले. कुलूप क्वचितच तुटतं, लाकडात अर्ध्या इंचाच्या स्क्रूने बसवलेला कोयंडा उपटला जातो. शिवाय बाहेर लटकणारं कुलूप लांबूनच सांगतं की घरात कुणी नाही. दाराच्या आत बसणारं लॅच, त्याला लांब स्क्रू आणि बाहेर सेफ्टी डोअर, एवढं आधी करा. कॅमेऱ्याचे पैसे नंतर.

दारातल्या दुधाच्या पिशव्या आणि पेपरचा गठ्ठाही तेच सांगतो. स्मार्ट प्लग असेल तर हॉलचा दिवा संध्याकाळी सातला लागेल आणि साडेदहाला बंद होईल असं वेळापत्रक लावता येतं.

तुम्ही स्टेटसला 'चाललो कोकणात' टाकता तेव्हा तो कोण कोण बघतं, हे एकदा तपासा. तीन वर्षांपूर्वी एकदाच आलेला फर्निचरवालासुद्धा नंबर सेव्ह असेल तर बघू शकतो. माझ्या स्टेटसवर तेव्हा रत्नागिरीच्या आधी घाटात काढलेला फोटो होता, लोकेशनसकट. फोटो परत आल्यावर टाका. लाइव्ह लोकेशन घरच्यांना पाठवा, आणि घर बंद आहे हे दोन शेजारी आणि आपल्या भागाच्या बीट अंमलदाराला सांगा. सुट्ट्यांच्या आधी पोलीस स्वतःच हे आवाहन करतात. रात्रगस्तीत त्या इमारतीकडे एक फेरी जास्त होऊ शकते. अनेक शहरांत गस्तीच्या ठिकाणी क्यूआर कोड लावलेले असतात, गस्तीवरचा पोलीस तो स्कॅन करतो आणि तो किती वाजता येऊन गेला याची नोंद होते. असा स्टिकर तुमच्या गल्लीत कुठे आहे ते शोधा.

घर फुटलेलं दिसलं तर

आत जाऊ नका. चोर आत असू शकतो. खाली या आणि ११२ लावा. हा कॉल राज्याच्या नियंत्रण कक्षात जातो आणि तिथून जवळचं पोलीस वाहन पाठवलं जातं. पत्ता सांगताना खूण सांगा, 'साई कृपा' नावाच्या इमारती प्रत्येक गल्लीत असतात.

आम्ही नेमकं उलटं केलं. आईने कपाट उघडलं, मी ड्रॉवर चाचपले, काकूंनी पाणी आणून ग्लास टेबलावर ठेवले. ठसे घ्यायला आलेल्या माणसाने सगळीकडे नजर टाकली आणि आधी आमचेच ठसे घेतले, वेगळे काढण्यासाठी. पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नका, फक्त मोबाइलवर फोटो काढा.

११२ चा कॉल म्हणजे एफआयआर नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. घरातली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. घरफोडी कलम ३३१ मध्ये. चोरीसाठी रात्री घरफोडी केली असेल तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते. घरफोडी दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळे 'एनसी करून ठेवू' हे उत्तर पुरेसं नाही. तसंच ऑनलाइन पोर्टलवर वस्तू गहाळ झाल्याची नोंद करता येते, पण ती हरवलेल्या वस्तूंसाठी आहे. चोरीची वस्तू तिथे 'गहाळ' म्हणून टाकली तर गुन्हा दाखल होत नाही, आणि विम्याचा दावा करताना तोच कागद आडवा येतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्याद कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द कुठलीही असो. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही पाठवता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. ठाण्यात नोंद करून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. आणि तपास कुठवर आलाय हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

फोन चोरीला गेला असेल तर पहिल्या तासात सिम बंद करा, कारण बँकेचे ओटीपी त्यावर येतात. मग डुप्लिकेट सिम, मग पोलिसांच्या तक्रारीची प्रत जोडून संचार साथीवरच्या सीईआयआरमध्ये हँडसेट ब्लॉक. त्याला आयएमईआय नंबर लागतो. आत्ताच *#०६# डायल करा, दिसणाऱ्या आकड्यांचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो स्वतःलाच ईमेल करा. फोनमध्येच ठेवला तर फोनबरोबर जाईल.

दागिन्यांचे फोटो बिलासोबत काढून ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, तोही लिहून ठेवा. चोरीचा माल सापडला तर तो कोर्टाच्या आदेशाने परत मिळतो, आणि 'या पाटल्या आमच्याच' हे दाखवावं लागतं. आमच्याकडे काय होतं? मावशीच्या लग्नातला एक ग्रुप फोटो. त्यात आईचा डावा हात मामाच्या मागे.

फुटेज देताना मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून पाठवू नका. डीव्हीआरमधून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. कोर्टात अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू असते. फाइल कापली किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवली तर ती मूळ फाइल राहत नाही.

ग्रुपवर काय टाकू नये

हा भाग मला लिहायचा नव्हता.

उरलेल्या चार दिवसांच्या फुटेजमध्ये घरफोडी नव्हतीच, ती आधीच होऊन गेली होती. पण त्यात गुरुवारी दुपारचा एक अनोळखी मुलगा होता, पाठीवर मोठी बॅग, जिना चढताना. सोसायटीतल्या कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट 'हाच तो' म्हणून ग्रुपवर टाकला. मी तो आणखी तीन ग्रुपवर पाठवला. एकदाही विचार आला नाही की मंगळवारच्या आवाजाशी गुरुवारच्या मुलाचा संबंध काय.

तो कुरिअरवाला होता, चौथ्या मजल्यावर पार्सल द्यायला आलेला. दोन दिवसांनी शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर लोकांनी त्याला धरला. कानाखाली मारल्या, मोबाइल हिसकावला. बीटचे हवालदार वेळेत पोहोचले आणि त्यांनी त्याच्या अ‍ॅपमधली डिलिव्हरीची नोंद बघून लोकांना मागे हटवलं. नंतर ते आमच्याकडे आले आणि मला एवढंच म्हणाले, "अरे, फोटो मला पाठवायचा होतास ना. चारशे लोकांना कशाला?"

महाराष्ट्रात याहून भयंकर घडलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाच चॅटपर्यंतच फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांच्या चालकाचा जीव गेला.

आमच्या ग्रुपचा नियम आता असा आहे: संशयित व्यक्तीचा फोटो ग्रुपवर नाही, थेट तपास अधिकाऱ्याला किंवा ११२ ला. ग्रुपवर फक्त 'बी विंगचा दिवा बंद आहे', 'अमुक फ्लॅट शनिवारपर्यंत बंद, लक्ष असू द्या' एवढंच, आणि हा दुसरा मेसेजसुद्धा फक्त त्या मजल्यावरच्या लोकांना.

मी त्या तीन ग्रुपवर माफीचा मेसेज टाकला. फोटो जितका फिरला तितका तो फिरला नाही. तो मुलगा आमच्या भागात आता येत नाही, कुरिअर दुसरा कोणीतरी आणतो. पाटल्यांचा तपास चालू आहे. डीव्हीआरमध्ये २ टीबीची डिस्क बसवली आहे आणि दर एक तारखेला त्याचं घड्याळ मी स्वतः तपासतो.